परातीतलं लोणार

परातीत चार बोटं जाडीची कणीक पसरायची, वरून हळदीचा पातळ थर भुरभुरायचा आणि लेकराच्या हातात गोटी द्यायची. सोड म्हटलं की ते सोडतंच. धप्प आवाज होतो, पिठाचा बारीक धुरळा उडतो आणि परातीत एक खड्डा दिसू लागतो. गोटीपेक्षा तो चांगलाच मोठा असतो. त्याचा काठ भोवतालच्या सपाटीहून किंचित वर उचललेला असतो आणि आतली पांढरी कणीक पिवळ्या हळदीवर रेघारेघांनी फेकली गेलेली असते. मग पुढचा अर्धा तास स्वयंपाकघर आईच्या ताब्यात राहत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात या खेळाला वेगळाच अर्थ आहे, कारण हीच परात मेहकरच्या पलीकडे, लोणारला, कातळात कोरलेली आहे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास उतार, आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच उठलेली कड. काठावर उभं राहिलेलं पोट्टं पहिला प्रश्न हमखास विचारतं, "हे इतकं गोल काहून आहे?" या प्रश्नाचं आज मान्य असलेलं उत्तर मिळायला १८२३ ते १९७३ अशी दीडशे वर्षं गेली. गंमत म्हणजे त्या दीडशे वर्षांत मोठी माणसं जिथे जिथे अडखळली, नेमकी तिथेच परातीपुढे बसलेली लेकरंही अडखळतात.

उत्तरं त्याआधीही होतीच. लवणासुर नावाचा दैत्य या जागी जमिनीखाली लपून राहत होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याचा वध केला. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. दैत्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचं मीठ. विष्णूचं हे रूप म्हणजे दैत्यसूदन. गावातलं त्याचं कोरीव दगडी देऊळ आजही लोणारच्या इतर सगळ्या देवळांत उठून दिसतं. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या मुक्कामाच्या निमित्ताने लोणार येतं, म्हणजे तीर्थ म्हणून गावाचा लौकिक तेव्हाच पसरलेला होता.

ही कथा भाकड म्हणून बाजूला सारावी असं नाही. ज्याने ती पहिल्यांदा सांगितली, त्याने काठावर उभं राहून नीट पाहिलं होतं. पाणी खारट का, खड्डा खोल का आणि इथला माल गेला कुठे, या तिन्ही प्रश्नांची सोय तिच्यात आहे. तिसरा प्रश्न तर फारच नेमका. खड्डा झाला म्हणजे काहीतरी बाहेर फेकलं गेलं असणार, हे झाकणाच्या टेकडीत आहे. पण यावरून आपल्या पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली होती असं जे अलीकडे ऐकवलं जातं, त्यात अर्थ नाही. लोणारचं वय कमीत कमी धरलं तरी ते कुठल्याही लोककथेच्या आठवणीच्या फार पलीकडे जातं.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली आणि लोणार युरोपीय भूशास्त्राच्या कागदावर आलं. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होता. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांच्या गळी उतरून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेगल गावावर भर दिवसा दगडांचा वर्षाव झाला, झां-बाप्तिस्त बियो या शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून साक्षी गोळा केल्या, आणि त्यानंतर कुठे शंका थांबली. दगड पडतात, इतपत ठीक होतं. पण दगड पडून असा खड्डा पडेल हे कुणाच्या डोक्यात येणं अवघड होतं. शिवाय चारी दिशांना काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. मग हे ज्वालामुखीचं तोंड असणार, किंवा खाली कोंडलेल्या वाफेने जमीन फोडली असणार, किंवा पोकळी होऊन वरचं छत खचलं असणार, असे तीन तर्क पुढची शंभर-सव्वाशे वर्षं आलटूनपालटून चालत राहिले. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खड्डा दिसतो त्या मानाने अगदी कोवळा. शिवाय त्याच्याभोवती नव्या लाव्ह्याचा किंवा राखेचा पत्ता नाही. ही अडचण दिसत होती. पण दुसरं सांगायचं तरी काय?

इथे परात पुन्हा पुढे ओढायला हवी, कारण हा खेळ लोणारच्या नोंदीपेक्षाही जुना आहे. १६६५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हुकने 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक छापलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या उवा-पिसवांच्या चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याच्या शेवटाकडे चंद्रावरच्या खड्ड्यांचंही प्रकरण आहे. हुकने तंबाखूच्या चिलमी बनवायची पांढरी माती पाण्यात कालवली आणि तिच्यात जड गोळ्या टाकून पाहिल्या. चंद्रावरच्यासारखे खड्डे झाले. मग त्याने अलाबास्टर दगडाची पूड भांड्यात उकळली. बुडबुडे फुटले की त्यांच्या जागी तसेच गोल खळगे राहत. दोन्ही खेळ सारखेच चांगले जमले. निवड करताना हुकने बुडबुड्यांची बाजू घेतली. कारण सरळ होतं: चंद्रावर पडायला दगड येणार कुठून? आकाश रिकामं आहे, असंच तेव्हा सगळे धरून चालत. पुढे दोन-अडीच शतकं चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे ठरले. लोणारच्या बाबतीत जे झालं ते त्याचंच धाकटं भावंड.

या सगळ्या गोष्टीतला सर्वांत हळहळायला लावणारा माणूस अमेरिकेतला आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा तिथल्या सरकारी भूशास्त्र खात्यातला वजनदार माणूस. ॲरिझोनाच्या वाळवंटात सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचा एक खड्डा होता आणि त्याच्या आजूबाजूला लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते. १८९१ मध्ये गिल्बर्ट तिथे गेला आणि त्याने दोन कसोट्या लावल्या. लोखंडाचा एवढा मोठा गोळा जमिनीत गाडलेला असेल, तर चुंबकसूची हलली पाहिजे. आणि काठावर उचलली गेलेली माती पुन्हा खड्ड्यात भरली, तर ती गाडलेल्या गोळ्याच्या आकाराएवढी उरली पाहिजे. सूची हलली नाही. मातीचा हिशेबही बरोबर जुळला, उरलं काहीच नाही. दोन्ही उत्तरं नकारार्थी आली म्हणून हाती असलेली सुंदर कल्पना त्याने प्रामाणिकपणे सोडून दिली आणि वाफेच्या स्फोटाचा कौल दिला. पुढे १८९६ मध्ये, शास्त्रातल्या कल्पना जन्मतात कशा यावर लिहिताना, त्याने त्या खड्ड्याशी साम्य असलेली जागा म्हणून लोणारकडे बोट दाखवलं. म्हणजे जगातल्या दोन उल्काविवरांची जोडी त्याने अचूक लावली आणि दोन्हींचं कारण मात्र चुकवलं.

त्याची चूक कुठे झाली, ते परात सांगते, पण अर्धंच. गोटी पडल्यावर लेकरू पहिल्यांदा गोटी शोधतं. ती सापडतेच, कारण परातीतली गोटी सावकाश पडलेली असते. गिल्बर्टही मनात गोटीच शोधत होता. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येणारा दगड जमिनीवर पडतो म्हणण्यापेक्षा फुटतो म्हणणं जास्त खरं. त्याची बरीचशी गती क्षणात उष्णतेत बदलते, तो स्वतःच वितळतो, त्याची वाफ होते. गाडलेलं काही उरतच नाही, मग सूची हलणार कशाला? 'तो दगड आता कुठे आहे?' हा लोणारच्या काठावर मुलं विचारतात तो दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर गिल्बर्टच्या या फसलेल्या कसोटीत आहे.

गिल्बर्टची आणखी एक अडचण होती. चंद्राचा अभ्यास करताना त्यानेही चिखलात गोळे मारून पाहिले होते. सरळ वरून पडलेला गोळा गोल खड्डा करतो, पण तिरका मारलेला लांबट करतो. आकाशातून दगड बहुधा तिरकेच येणार, तरी चंद्रावरचे खड्डे बहुतेक गोल. हे कोडंही घरी बघता येतं. परातीत गलोलीने तिरकी गोटी मारली तर खड्डा खरोखरच लांबोडा होतो (आणि कणीक भिंतीवर जाते, म्हणून हे अंगणात). यावर तोडगा विसाव्या शतकात सुचला. प्रचंड वेगाच्या धडकेत खड्डा दगडाच्या ढकलण्याने पडत नाही, स्फोटाने पडतो. आणि स्फोट सगळीकडे सारखाच पसरतो, मग दगड तिरका का आलेला असेना.

परातीच्या खेळाला पुन्हा मान मिळवून दिला तो आल्फ्रेड वेगेनरने. खंडं सरकतात असं सांगणारा तो हाच. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, त्याने सिमेंटच्या पुडीचा थर सपाट पसरला आणि त्यावर चमचाभर पूड आदळली. तयार झालेला खड्डा पाणी शिंपडून घट्ट होऊ दिला आणि मग कापून आतून पाहिला. चंद्रावरच्या खड्ड्यांवरचं त्याचं पुस्तक १९२१ मध्ये आलं. वेगेनरने गोटीऐवजी पूड वापरली यात खरी हुशारी होती. आदळलेली वस्तू खड्ड्यात पसरून नाहीशी होते, हे पुडीने आपोआप दाखवलं. घरी हेच करायचं तर गोटीऐवजी चमचाभर नाचणीचं पीठ जोरात टाकावं.

इतकं साधं सामान शाळेत येणं मात्र सोपं नव्हतं. बुलढाण्याच्या उत्तरेला सातपुड्यापलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञान हाताने करून शिकवायला सुरुवात केली. फळ्यावर काढलेली उपकरणांची चित्रं वहीत उतरवण्यापेक्षा गावात मिळेल त्या वस्तूंनी प्रयोग करायचे, असा तो बेत होता. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतला एक इंजिनिअर वर्षभराची रजा घेऊन तिथे गेला. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेल्या या अरविंद गुप्तांना तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. काडेपेटीच्या काड्यांची टोकं तिच्यात खुपसली की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच वाकडा होतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, हे पोरांना न सांगता कळतं. पुढे पुण्यात 'आयुका'च्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, २००३ पासून दहाएक वर्षं गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. मराठी चित्रफितींसकट त्यांच्या सगळ्या कृती त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्येच सरकारने गुंडाळला होता. आपल्याकडे माणसाचा सत्कार होतो आणि त्याचं काम बंद पडतं, हे नवीन नाही.

लोणारचा निकाल अखेर खेळाने लागला नाही, तो भोकं पाडून लागला. १९६० मध्ये ॲरिझोनाच्या खड्ड्यात कोएसाइट हे अतिदाबाखालीच तयार होणारं खनिज सापडलं आणि तिथली वादावादी संपली. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ या शास्त्रज्ञांनी लोणारबद्दल तोच प्रश्न छापून विचारला. मग सरोवराच्या तळात छिद्रं घेतली गेली. शंभरेक मीटर गाळाच्या खाली चुरा झालेला बेसाल्ट लागला. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा लेख आला. चुऱ्यात त्यांना मास्केलिनाइट सापडलं होतं. फेल्डस्पार या खनिजाला जबर धक्का बसला की तो न वितळताच काचेसारखा होतो, ते हे. कुठल्याही ज्वालामुखीला तसा धक्का देता येत नाही.

या काचेची ओळख जगाला पहिल्यांदा झाली तीही भारतातच पडलेल्या एका दगडामुळे. १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीत उल्का पडली. तिच्यातल्या या काचेला १८७२ मध्ये नाव मिळालं, आणि पुढे शंभर वर्षांनी कळलं की ती उल्का मंगळावरून उडून आलेली आहे. उलट लोणार हे बेसाल्टवर पडलेलं, पृथ्वीवरचं फार दुर्मीळ असं उल्काविवर. मंगळाची जमीनही बहुतेक बेसाल्टचीच. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. बुलढाण्याच्या पोराला मंगळ दाखवायचा असेल तर एसटीचं तिकीट पुरतं.

खड्ड्यानंतर पाणी. इथे हळदीची दुसरी पुडी उघडावी लागते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओली हळद चोपडून वाळवली की पिवळी पट्टी तयार होते. साध्या पाण्याने ती पिवळीच राहते. पापडखाराच्या पाण्यात बुडवली की लालसर होते आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कुंकू हळदीला चुना लावून करत, त्यामागचं रहस्यही हेच. लोणारचं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की त्याचा सामू साधारण दहाच्या घरात जातो. पापडखाराचं पाणी म्हणजे परातीशेजारी ठेवलेलं वाटीभर लोणार समजायला हरकत नाही. (सरोवर २००० पासून अभयारण्य आहे, तेव्हा बाटली भरून आणण्यापेक्षा ही वाटी बरी.)

हा खार एकेकाळी चांगली मिळकत होती. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त मेहकर सरकारातल्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यातल्या, लोणारचं वर्णन करताना काच आणि साबण करायला लागणारा सगळा माल इथे मिळतो आणि त्यावर सरकारला मोठा महसूल येतो, असं नोंदवलं आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खाराचे थर उघडे पडत, लोक ते गोळा करत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रतींना नावं होती. वाळूत सोडा मिसळला की ती कमी आचेवर वितळते, म्हणून बांगडीवाल्याला तो हवा. तेलात उकळला की साबण होतो. पापड तर घरोघरी. राक्षसाचं मांस म्हणून सांगितलेली वस्तू बायका निमूटपणे उडदाच्या पिठात मळत होत्या, हे कथाकाराच्या लक्षात आलं नसावं.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळे घरी बसलेले असताना, सरोवर गुलाबी झालं. फोटो देशभर फिरले आणि प्रलयापासून रसायनांपर्यंत सगळं सांगून झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने गेले. तिथे दिसलेली गोष्ट कुठल्याही घरात करता येण्याजोगी होती: पाणी काही काळ स्थिर ठेवलं तर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या जिवांचा होता. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव, उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला तसे फोफावले होते. पाऊस झाला आणि रंग ओसरला.

गाळ बसायची वाट पाहवत नसेल तर पाणी गरगर फिरवावं लागतं आणि त्याला यंत्र लागतं. किंवा भिंगरी. शर्टाच्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून ती ताणत-सोडत गुणगुणवायची, हा खेळ वऱ्हाडातल्या प्रत्येक पिढीने खेळलेला. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये त्याच भिंगरीचं गणित मांडलं. २०१७ मध्ये त्यांनी कागद आणि दोऱ्याचं असं चक्र दाखवलं जे मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जातं आणि रक्तातला पातळ भाग दीड मिनिटात वेगळा काढतं. खर्च सुमारे वीस सेंट. वीज नसलेल्या दवाखान्यांसाठी केलेलं हे साधन प्रत्येक पोराच्या खिशात आधीच होतं, फक्त त्याला रक्ताची नळी बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं.

लोणारच्या वयाचा प्रश्न अजून भांडणातच आहे. तापवल्यावर दगडातून निघणाऱ्या प्रकाशावरून, ज्याला तापदीप्ती म्हणतात, ५२ हजार वर्षं हे उत्तर आलं. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या मोजणीवरून ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दोन घड्याळं आणि दोघांत दहापटींहून जास्त अंतर. दगड एकच, पडलाही एकदाच, तरी 'केव्हा?' म्हटलं की काठावरचा माहितगार गप्प होतो किंवा मग आपल्याला आवडलेला आकडा ठासून सांगतो.

परातीत हे सोपं असतं. दुसरी गोटी पहिल्या खड्ड्याच्या काठावर टाकली की तिचा काठ पूर्ण राहतो आणि पहिलीचा मोडतो, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण ते पोरगं पाहताक्षणी सांगतं. चंद्रावरचे खड्डे कोणत्या क्रमाने पडले हे शास्त्रज्ञ याच हिशेबाने लावतात. लोणारच्या काठावर मात्र अशी दुसरी गोटी पडलेली नाही. तोवर आजीने परात ओढून घेतलेली असते. हळद पडलेली कणीक वाया कशाला घालवायची, म्हणून ती तिच्यात तीळ, ओवा आणि तिखट टाकते, आणि पुऱ्या लाटायला घेताना विचारते, "गोट्या सगळ्या काढल्या का रे?"